येलदरीचे मासे आणि माझा प्रश्न

गेल्या उन्हाळ्यातल्या एका रविवारी सेलूच्या बाजारात मी मासे विकणाऱ्या बाईंपुढे दोन हजार रुपये धरले. सोबत बायको होती.

त्याआधी गुरुवारी येलदरी धरणाच्या पाण्यात विष कालवल्याचा मेसेज मला आला होता. तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकून मी विचारले, "हे खरे आहे का?" मी प्रत्येक गोष्ट तपासून घेतो, हे सगळ्यांना ठाऊक. मीच विचारतोय म्हणजे तथ्य असणार, असे धरून त्यांनी मेसेज पुढे पाठवला. संध्याकाळी फोटो जुना आणि दुसऱ्याच धरणाचा निघाला. तसे मी लिहिले, पण ते कोणी पुढे पाठवले नाही. शुक्रवारी येलदरीचे मासे कोणी घेईना, म्हणून बाईंना टोपलीभर मासे फेकावे लागले. नुकसानीचा हा दोन हजारांचा आकडा मी घरी बसून काढला, तोही त्यांना न विचारता.

हे सगळे मी सांगितल्यावर बाई म्हणाल्या, "भाऊ, साऱ्या गावाला इचारलं, मग मला का न्हाई? तुमच्या वाटंवरच बसते की मी."

"फोनमधल्यांनाच विचारतात ते," बायको म्हणाली. "मला तरी कुठं विचारतात?"

बाईंनी नोटा मागे सारल्या. "पैसे नगं. मासे घ्या, अन् लोकांना दिसतील असे न्या."

त्यांनी किलोभर रोहू तोलला. त्याचे दोनशे रुपये मी त्यांना दिले.