बाबांची खारी विहीर

आमचं गाव बाळापूरच्या पलीकडे, खारपाणपट्ट्यात. जमिनीखालचं पाणीच खारट. पाहुणे एक घोट घेऊन पेला हळूच खाली ठेवत, आणि आम्हाला वाटे, यांच्याच जिभेत काहीतरी खोट आहे.

बाबांपुढे त्या पाण्याला नावं ठेवायची सोय नव्हती. त्यांच्या लहानपणी गावच्या विहिरीला आमच्या लोकांनी हात लावायचा नाही, असा नेम होता. आजी हंडा घेऊन उन्हात उभी राही, कोणाला दया आली तर तो वरून पाणी ओती. पुढे वस्तीतल्या माणसांनी स्वतःची विहीर खणली. बाबा तेव्हा ऐन तारुण्यात होते. दिवसभर मजुरी करून संध्याकाळी पहार घेऊन खड्ड्यात उतरायचे. पाणी लागलं ते खारं. पण ते आमचं होतं.

अलीकडे धरणाचं गोडं पाणी नळानं दारोदार आलं. बायांना तर हर्ख झाला. साबणाला फेस येतो म्हणजे काय, हे कित्येकींनी माहेर सोडल्यापासून पाहिलंच नव्हतं. त्याच सुमारास बाबांच्या पायांवर सूज आली. अकोल्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, मूत्रपिंडं थकलीत, खारं पाणी बंद, मीठही कमी. बाबांनी मान डोलावली आणि घरी येऊन नळाच्या पाण्यानं आंघोळ केली. प्यायला मात्र विहिरीचंच.

मी अमरावतीला शाळेत शिकवते. राग माझ्या नाकावर असतो, हे वर्गातली पोरंही सांगतील. दर रविवारी फोनवर माझ्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी दिवाळीच्या सुट्टीत मी जाऊन बसलेच.

आईनं त्या दिवशी नळाच्या पाण्यात वरण लावलं. एरवी तासभर हट्ट धरणारी डाळ लोण्यासारखी शिजली. बाबांनी एक घास घेतला आणि ताट सरकवलं. नळाच्या पाण्याला चव नाही, म्हणाले. मी चाखलं तर खरंच अळणी होतं. मग मला हसूच आलं. आमच्याकडे वरणात मीठ नावालाच टाकतात, बाकीचं पाणीच पुरवतं. आईचा हात त्याच सवयीनं चालला होता. लग्नानंतर सासरी मीही पहिला स्वयंपाक असाच केला होता, आणि बिचारे सगळे मुकाट्यानं जेवले होते.

आईनं चिमूटभर मीठ घातलं, वर लिंबू पिळलं. बाबा जेवले, पण पाणी प्यायला उठून विहिरीच्या माठाकडे गेले. माझा संयम संपला. हेच पाणी तुम्हाला मारतंय, असं मी ओरडूनच बोलले.

बाबा पेला हातात घेऊन उभे राहिले. "त्या इहिरीचं पानी म्या सोताच्या हातानं पाजलं तुमाले," ते म्हणाले. "आता ते जहर होतं म्हनू काय?"

इतके दिवस मी ज्याला हेका समजत होते, ती भीती होती. आई खरकटी ताटं गोळा करत होती, तिनं वरही पाहिलं नाही.

"जहर कोन म्हंते?" ती म्हणाली. "तवा आपल्यापाशी तेच व्हतं, त्याच्यावरच लेकरं मोठी झाली. अन् आता नळ बी आपल्याच दारात हाय. कोनाले मांगाले नाही गेलो."

बाबांनी पेला मोरीत रिकामा केला, बाहेर जाऊन नळाखालच्या बादलीतून भरला आणि उभ्याउभ्याच प्यायले. सवय लागेल, एवढंच म्हणाले.

आता सूज पुष्कळ उतरली आहे. डॉक्टर म्हणतात, असंच सांभाळलं तर गाडी चालत राहील. परवा पुन्हा भेटून मी निघाले तेव्हा बाबा फाट्यापर्यंत आले आणि एसटी सुटता सुटता त्यांनी खिडकीतून नळावर भरलेली एक बाटली आत दिली.

"ने," म्हणाले, "घरचं पानी हाय."

मला रडू आवरेना. अमरावतीत पाण्याला तोटा नाही, तरी ती बाटली मी मूर्तिजापूर मागे पडेपर्यंत घोट घोट पुरवली.