वांगी रंगाची इरकल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही. आणि आत्ता लिहायला बसले तरी पेन दुसरीकडेच पळतंय — यंदा नथीच्या फॅशनवर लिहावं का, असं मनात येऊन गेलं. नथीवर लिहिणं मला सोपं जातं.

आमच्या बेंगळुरूच्या मराठी मंडळाच्या अंकात मी बरीच वर्षं 'नटणं-मुरडणं' हे सदर लिहिते. लग्नात नवऱ्या मुली हल्ली फिकट रंग का नेसतात, सिनेमातल्या नायिकांचे ओठ अचानक एकसारखे कसे झाले, गोरं करणाऱ्या क्रीमनं नुसतं नाव बदललं की मनही — असलं काहीबाही. मध्यंतरी दुकानांच्या पाट्यांवरून शहर तापलं होतं, तेव्हा मी कन्नड अक्षरांच्या गोलाईवर दोन पानं लिहिली आणि वादातून अंग काढून घेतलं. हुशार आहात हं, म्हणाले लोक. तुम्ही मात्र यापुढे माझं लिहिणं जरा संशयानंच वाचा. मी तसंच वाचते.

कारण एका वर्षी मी सावळ्या रंगाच्या बाजूनं लेख लिहिला होता. मारतहळ्ळीतल्या आमच्या सोसायटीत बायका मला लिफ्टशी थांबवून म्हणायच्या, "वहिनी, डोळ्यांत पाणी आणलंत." आणि त्याच दिवसांत मी मुक्तासाठी स्थळं बघत होते. मुक्ता माझी लेक. एकुलती. सावळी.

बघा, तो शब्द लिहिताना आजही थांबलेच. तिच्या माहितीपत्रकात 'वर्ण' या शब्दापुढे मी 'निमगोरा' लिहिलं होतं. तुम्ही म्हणाल, सगळेच लिहितात. लिहितात ना. मंडळाच्या वधू-वर ग्रुपवर काळं कुणी नसतंच. अख्खं मराठी बेंगळुरू निमगोरं आहे. तेवढ्यावर थांबले असते तर — पण थांबले नाही. आणि ते सांगायचं तर आधी काव्याबद्दल सांगायला हवं.

काव्या समोरच्या दारातली. कन्नड घर, पण मुलगी अर्धी आमच्याच स्वयंपाकघरात वाढली. दोघी शाळेत एका बाकावर. मुक्ताला ती 'कृष्णसुंदरी' म्हणायची — इतक्या लाडानं, की मुक्ता त्या नावाला ओ द्यायची. पुढे काव्यानं कॅमेरा घेतला आणि स्थळांसाठी फोटो काढायचे ठरले तेव्हा तिनं मला स्टुडिओचं नावही काढू दिलं नाही. गच्चीवर, उतरत्या उन्हात, माझी वांगी रंगाची इरकल नेसवून तिनं मुक्ताला उभं केलं. मी निपाणीची, लग्नात माहेरून मिळालेली ती साडी. "आंटी, स्वल्प बाजूला सरका, तुमची सावली पडते तिच्यावर," काव्या म्हणाली. मी सरकले.

ग्रुपचं सगळं मीच बघत होते, म्हणून तिनं फोटो माझ्या फोनवर पाठवले. मुक्तानं काही मागितले नाहीत.

फोनमध्ये एक पट्टी असते. बोटानं उजवीकडे सरकवली की चेहरा उजळतो. मी थोडीशी सरकवली. मग अजून थोडी. वाईट वाटलं का त्या क्षणी? नाही. भाकरी जरा जास्त भाजली गेली की काळा भाग आपण खरवडून टाकतो — तितक्या सहज.

इलेक्ट्रॉनिक सिटीत राहणारं एक पुण्याकडचं कुटुंब बघायला आलं. पत्रिका जुळली होती. मुक्ताला मीच तीच इरकल नेसायला लावली, आणि तिथंच फसले. चेहऱ्याबरोबर साडीही उजळून गेली होती, ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मुलाची आई एकदा फोनकडे बघे, एकदा साडीकडे, मग मुक्ताकडे.

"फोटोतली साडी हीच का हो?"

"हीच," मुक्ता म्हणाली.

"हो का? फोटोत बाई चक्क गुलाबी दिसते." त्यांनी फोन नवऱ्याकडे दिला, नवऱ्यानं मुलाकडे.

"उजेडाचा फरक असेल, आई," मुलगा म्हणाला आणि त्यानं पोह्यांत मान घातली.

"असेल. हल्ली उजेडाचाही भरवसा नाही राहिला."

हे त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. हसून. दुसऱ्या दिवशी जुळलेली पत्रिका जुळेनाशी झाली.

मुक्तानं माझा फोन मागितला. फोटोकडे ती कितीतरी वेळ बघत राहिली. मग एवढंच विचारलं, "आई, हे कुणी केलं?"

मी गडबडले, असं लिहायला आवडलं असतं. पण उत्तर तोंडात तयार होतं. "काव्यानं असेच पाठवले," मी म्हणाले. आणि वर, "तुझं लवकर जमावं असं वाटलं असेल गं तिला."

ते दुसरं वाक्य. नुसत्या पहिल्यावर मुक्तानं कदाचित विश्वास ठेवला नसता. दुसऱ्यात माया होती — म्हणून ते लागू पडलं.

ती काव्याशी भांडली नाही. भांडली असती तर मी तिथल्या तिथे उघडी पडले असते. त्या भांडणाच्या धास्तीनं मी दाराशी कान लावून असायची. समोरची बेल वाजली की संशय, दोघी जिन्यात दिसल्या की संशय. पण मुक्ता नुसती दूर झाली. 'कृष्णसुंदरी' हे एवढ्या वर्षांचं लाडाचं नाव तिला एकाएकी टोमणा वाटायला लागलं. "लहानपणापासून ती मला हेच ऐकवत होती ना, आई?" असं तिनं विचारलं तेव्हा मी कोथिंबीर निवडत होते. निवडत राहिले.

काव्या एकदा आली होती. दारातच उभी राहिली. "आंटी, मुक्ता बोलत नाही माझ्याशी. माझं काय चुकलं, तुम्ही तरी सांगा."

"काही नाही गं. कामाचा ताण आहे तिला."

"सरी, आंटी," ती म्हणाली — बरं, एवढंच. आमच्या घरी येऊन चप्पल न काढता परत जायची तिची ती पहिलीच वेळ.

तिच्या लग्नाला मी गेले, एकटीच. अक्षता टाकल्या, जेवले. निघताना तिनं माझ्या हातात मोगऱ्याचा गजरा ठेवला — मुक्तासाठी. तो मी ऑटोतच सोडून आले. विसरले नव्हते. सोडून आले.

मुक्ता आता के. आर. पुरमला राहते. तिचं लग्न तिनंच जमवलं. सुखी आहे, असं मला वाटतं. पण कुणी कॅमेरा वर केला की ती बाजूला होते. "छान दिसतेस" असं कुणी म्हटलं की त्या माणसाकडे क्षणभर बघत राहते — याला नेमकं काय हवंय, अशा नजरेनं. ती नजर तिला कुणी दिली?

यंदा संपादकबाईंनी विषय सुचवला होता. यंत्राकडून स्वतःचे जुन्या सिनेमातल्यासारखे साडीतले फोटो करून घ्यायची लाट आली ना, त्यावर. "खोट्या चेहऱ्यांवर जरा झणझणीत होऊ द्या, वहिनी," म्हणाल्या. जमलं असतं मला. तुम्हाला आवडलंही असतं.

माझं अक्षर कुणाला लागत नाही, म्हणून माझा लेख दर वर्षी मुक्ताच टाइप करते. हाही तिच्याकडेच जाणार आहे. तेव्हा एक वाक्य सरळ लिहिते, तिला दुसऱ्यांदा वाचावं लागू नये असं — मुक्ता, तो फोटो काव्यानं बदलला नव्हता, मी बदलला.

मूळ फोटो माझ्याकडे अजून आहे. वांगी रंगाची इरकल, गालावर ऊन, आणि कॅमेऱ्यामागची मैत्रीण काहीतरी बोलली म्हणून हसत असलेली माझी मुलगी. फार सुंदर दिसते त्यात. ते मला तेव्हाही दिसलं होतं.