धनाजीची तिसरी चढाई

क्रेनच्या केबिनमध्ये बसला की धनाजी एकाच माणसाचं ऐकायचा, सुदामअण्णांचं. अण्णा खाली उभं राहून हातानं इशारे करायचे आणि त्याप्रमाणे धनाजी लोखंड उचलायचा, फिरवायचा, भिंतीपलीकडं अलगद टेकवायचा. सहा वर्षांत दोघांनी एक काचसुद्धा फोडली नव्हती.

पण शुक्रवारी कबड्डीच्या मॅटवर उतरला की हाच धनाजी अण्णांना भीक घालायचा नाही.

आखातातल्या बिरकत अल अवामेरमधल्या त्यांच्या कामगार कॅम्पचा संघ होता. अण्णा प्रशिक्षक, धनाजी कर्णधार. दोघंही वाळवा तालुक्यातले, पण खेळाबद्दल एका गोष्टीवर एकमत होईल तर शपथ. अण्णांचं गणित सोपं होतं : पहिल्या दोन चढायांना रिकामं यायचं, गुण घेतल्याशिवाय गत्यंतर नसलेल्या तिसऱ्या चढाईला बोनस रेषेपलीकडं पाय टेकवून एक गुण घ्यायचा आणि सुखरूप घरी यायचं. धनाजीला बोनसची किळस होती. "लग्नाला जायचं आणि न जेवता नुसता विडा खाऊन यायचं?" असं तो म्हणे. त्याला गडी बाद करायचा असे, तोही समोरच्या संघातला सगळ्यात दांडगा.

उपांत्य सामन्यात अण्णा बाहेरून ओरडून ओरडून घसा बसवून घेत होते. "धन्या, थांब! बोनस! आरं बोनस!" धनाजी तीनदा दांडग्या गड्याच्या अंगावर गेला आणि तीनदा मॅटवर पालथा पडला. संघ कसाबसा दोन गुणांनी जिंकला. परतीच्या बसमध्ये अण्णांनी तोंड सोडलं.

"साइटवर माझं बोट हललं तरी तुला कळतं. हितं काय कानात बोळं घालतोस?"

"साइटवर मला पलीकडचं दिसत न्हाई, म्हणून तुमचा हात बघतो," धनाजी म्हणाला. "मॅटवर मी आत असतोय, अण्णा. तिथं मला दिसतं, तुम्हांला न्हाई."

पुढचे चार दिवस दोघांत फक्त इशारे चालले, शब्द एक नाही. त्यातल्या एका संध्याकाळी फोनवर स्वप्नानं, धनाजीच्या बायकोनं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमचं बी बरोबर हाय आणि त्यांचं बी." असल्या निवाड्यानं त्याची जास्तच चिडचिड झाली.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत धनाजी डबा उघडतोय तोच अण्णा धापा टाकत केबिनची शिडी चढून आले. सहा वर्षांत पहिल्यांदा. त्याला बाजूला सारून खुर्चीत बसले, काचेतून इकडं वाकले, तिकडं वाकले.

"हितनं तर नुसती भिंतच दिसती की रं."

"मग? एवढे दिवस काय सांगतोय?"

अण्णांनी त्याच्या डब्यातली अर्धी चपाती तोडली. "अंतिम सामन्यात मी तोंड उघडणार न्हाई. खलास. तुझं तू बघ."

धनाजी हरखला. शुक्रवारी समोर मुदस्सिरचा संघ होता. मुदस्सिर मुलतानचा, उजव्या कोपऱ्यात उभा राहिला की खांबच. सामना सत्तावीस-सत्तावीसवर आला आणि शेवटची चढाई धनाजीची, तीही तिसरी. गुण घ्यायलाच हवा होता.

मधली रेषा ओलांडण्याआधी त्यानं सवयीनं बाहेर बघितलं. अण्णा दोन्ही हात काखेत घालून, ओठ घट्ट मिटून उभे होते. बोटसुद्धा हलेना. इतके महिने ज्या आवाजाचा वैताग यायचा, तो नेमका आत्ता नव्हता.

तो आत शिरला. मुदस्सिर पुढच्या पायावर भार देऊन तयार उभा होता, म्हणजे अंगावर जाणं म्हणजे मरणच. हे त्याला आतून दिसत होतं. करायचं काय, तेही सुचलं, आणि सुचलेलं अण्णांचंच होतं. डावीकडं झुकांडी देऊन त्यानं बोनस रेषेपलीकडं पाय टाकला, दुसरा हवेत उचलला. पंचांचा हात वर गेला. बोनस!

आनंदानं धनाजी क्षणभर तिथंच थांबला. तेवढ्यात मुदस्सिरनं घोटा धरला आणि सहा जण वर येऊन पडले. त्यांनाही एक गुण.

अठ्ठावीस-अठ्ठावीस. सातनंतर मैदान फुटबॉलवाल्यांचं होतं, त्यामुळं जादा चढाया नाहीत. संयोजकांनी दोन्ही संघांना विजेते ठरवलं : करंडक आधी सहा महिने इकडं, मग सहा महिने तिकडं. मुदस्सिरनं धनाजीला मिठी मारून जमिनीवरून वर उचललं.

बसमध्ये अण्णांना आता बोलायची मुभा होती.

"बोनस घेतल्यावर माघारी यायचं असतं, गाढवा!"

"मग सांगायचं न्हाई का?"

"तूच म्हणालास, मला दिसत न्हाई!"

कॅम्प येईपर्यंत दोघं भांडत होते. मागं बसलेल्या पोरांनी शेवटी करंडक त्या दोघांच्या मधे ठेवून दिला.