गोधडीखाली लपवलेली शेवयाची मशीन

बायांनो, आज दुपारी मी धडधडीत खोटं बोलले.

आमचं घर नवऱ्याच्या मजुरीवर रडतखडत चालायचं. गेल्या वर्षी एका संस्थेनं माझ्या खात्यात थेट पैसे टाकले, परत द्यायचे नाहीत म्हणून सांगितलं. त्यातून मी शेवयाची मशीन घेतली. आता गावातल्या बाया रवा घेऊन येतात आणि घरात माझी स्वतःची कमाई येते.

पण फुकट आलेलं कुणीतरी परत मागणार, ही धास्ती काही गेली नाही.

आज गंगापूरकडून एक जीप आली आणि आमच्याच दारात थांबली. हातात कागद घेतलेल्या एक मॅडम उतरल्या. मी घाईनं चालू मशीनचं बटण बंद केलं आणि तिच्यावर गोधडी टाकली.

"शेवयाची मशीन इथंच आहे ना?"

"नाय ओ, आमच्याकडं कुठली मशीन?"

अंगणातल्या खाटेवर ओल्या शेवया वाळत पडल्या होत्या. मॅडमनी त्या पाहिल्या, पण हसल्या नाहीत.

"ताई, मी संस्थेतून आलेय. तुमचं कसं चाललंय एवढंच बघायचंय. मशीन तुमचीच आहे, कुणी नेणार नाही."

मी मान हलवली. जीप गेल्यावर मशीन पुन्हा सुरू केली. सासूबाईंनी गोधडीची घडी घातली आणि मशीनशेजारीच ठेवली.

मीही ती तिथून उचलली नाही.

खरं सांगा, घरात आलेलं सुख आपलंच आहे, हे पटायला तुम्हाला किती दिवस लागले?