चंद्रावर उफणायचं कसं

आमचे हे भालकीच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. निजामी गेली, शाळेतली उर्दू गेली आणि तेच विज्ञान मराठीत शिकवायची वेळ आली. शब्द जुळवता जुळवता ह्यांना लिहिण्याचा नाद लागला आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ह्यांनी कादंबरीच लिहायला घेतली. भालकीचा एक तरुण यानात बसून चंद्रावर जातो, अशी.

दुपारी जेवणं झाली की हे वाचायचे. ऐकायला मी आणि ह्यांची थोरली बहीण. अक्का माहेरपणाला आल्या होत्या. सुपात तूर निवडत बसायच्या. तरुणानं यानाच्या दारावर हात ठेवला आणि गुरुत्वाकर्षण सुरू झालं. मग हवेचा दाब. दुपारमागून दुपार गेली, तरुणाचा हात आपला दारावरच.

"अप्पा," अक्का म्हणाल्या, "ह्या लेकराला घरदार हाय का न्हाई? कामून चाललास म्हणून कुणी इचारंना!"

"इथं विचार मोठा हाय, अक्का. माणसाचं काय एवढं!"

पण बोलणं लागलं असावं. लवकरच कादंबरीत आई आली. मुलगा पाया पडला. आईनं डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "बाळा, चंद्रावर तुझं वजन सहावा हिस्सा भरेल, कारण..." ते कारण पुढे कितीतरी पानं चाललं. मी तोंडाला पदर लावला.

"आई हाय का तुझ्या शाळंतला मास्तर?" अक्का म्हणाल्या.

तरी अक्कांनीच ह्यांना आपल्या सासरी, खटकचिंचोळीला, वाचायला नेलं. देवळाच्या कट्ट्यावर माणसं जमली. मला धाकधूक. चंद्रावर हवा नाही, इथवर हे आले आणि एक शेतकरी उठला.

"वाराच न्हाई? मग खळ्यावर धान्य उफणायचं कसं?"

झालं! कुणी म्हणालं, धोतरानं वारा घालू. "अण्णा, वाराच न्हाई तर घालशील काय?" दुसरा म्हणाला. मराठी, कानडी, दखनी, सगळा एकच कल्ला. तरुणाची कुणाला आठवणच नाही. हे मात्र असे खुललेले मी लग्नातही पाहिले नव्हते.

परतताना बैलगाडीत हे म्हणाले, "बघितलंस अक्का? एकानं तरी त्याचं घरदार इचारलं का?"

"न्हाई की. पर तो माघारी आला का?"

ह्यांनी ते लिहिलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी बसून एक ओळ लिहिली: तरुण सुखरूप परतला. आईनं त्याला जेवायला वाढलं.

ती ओळ अक्कांनी पुन्हा वाचायला लावली.