ळ तेवढा राहिला

बाबांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात मीटिंगमध्ये होते. बाहेर येऊन उचलला. "दादा गेला," ते म्हणाले, आणि मी म्हणाले, "ओके." मग "ये तू, गाडी सावकाश चालव," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मिहानमधल्या ऑफिसपासून महालातल्या घरापर्यंतच्या रस्त्यात मी हेल्मेटच्या आत दुसरा एखादा शब्द शोधत होते. इंग्रजी शाळेत वाढलेल्या माझ्यासारखीला अशा वेळी मराठी लवकर सापडत नाही… आता काही आठवडे गेले आहेत, म्हणून लिहून पाहते आहे.

बाबांचा दादा म्हणजे माझे मोठे बाबा, त्यांचे थोरले भाऊ. त्यांनी शाळेत चित्रकला शिकवली आणि घरी लाकडात अक्षरं कोरली. आमच्या गल्लीतल्या बहुतेक दारांवर नावाच्या पाट्या त्यांच्याच हातच्या आहेत. नक्षी नाही, वेलबुट्टी नाही, सागवानात नुसतं नाव, पण लांबूनही कळायचं की ही पाटी गुरुजींची. निवृत्त झाल्यावर त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या सुरू केल्या, हे वाढत जाणार हेही सांगितलं. मग एक दिवस बँकेतून सही जुळत नाही म्हणून चेक परत आला. मी तेव्हा तिथेच बसले होते. त्यांनी चेक उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "माझं अक्षर गेलं वं, रुचा." घरातली एखादी वस्तू सापडत नाही असं सांगावं, तसा आवाज होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. कोणीतरी घरच्या घरी बनवलेलं सीएनसी मशीन, मोटरवर सरकणारं, लाकडात आपोआप कोरणारं. "हे आपल्याकडं होते का?" त्यांनी विचारलं. मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करते, मोटर कधी हातात धरलेली नव्हती, पण त्यांना काय हवं आहे ते मला कळलं होतं. हात पूर्ण जायच्या आधी त्यांना आपलं अक्षर कुठेतरी ठेवून द्यायचं होतं. सांगाडा त्यांनी ओळखीच्या सुताराकडून आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांतून उभा केला. मशीनचं डोकं, म्हणजे मोटरींना हुकूम देणारा भाग, निवडायचं काम माझ्याकडे आलं. माझे रविवार त्यांच्या घरी वरच्या खोलीत जायला लागले. मोठी आई, म्हणजे त्यांची बायको, उमरेडकडची. चहा आणून ठेवायची आणि म्हणायची, "म्हातारपणी सवत आणून राहिले हे. अन् तेही पोरीच्या हातून."

मोठ्या बाबांकडे एक जुना संगणक होता, मागे प्रिंटरचं रुंद पोर्ट असलेला. मोटरींना थेट त्यावरूनच हुकूम द्यायचा, नवीन काही घ्यायचं नाही, असा त्यांचा हट्ट. तेही करून पाहिलं. पण संगणक मध्येच दुसऱ्या कशात गुंतला की मोटर अडखळायची आणि सरळ रेघेला गचका बसायचा. फळीवरच्या त्या रेघेकडे ते बराच वेळ बघत राहिले. "याचाही हात थरथरते," म्हणाले, आणि स्वतःच प्लग काढला.

मला आवडला होता तो तयार कंट्रोलर. पडदा आणि बटणं असलेला बंद डबा, पेनड्राइव्ह लावायचा आणि बाजूला व्हायचं. चुकायला जागाच कमी, म्हणून तो मला सुरक्षित वाटत होता.

"आत काय चाललं ते दिसते का त्यात?"

"नाही."

"मग आपण काय कराचं? समोर बसून टाळ्या वाजवाच्या?"

शेवटी आम्ही हौशी लोक वापरतात तो तळहाताएवढा बोर्ड घेतला. तो लॅपटॉपला जोडायचा आणि फुकट मिळणाऱ्या एका साध्या सॉफ्टवेअरमधून त्याला एकेक ओळ हुकूम पाठवायचा. मी एक फाइल उघडून त्यांना अर्थ सांगत गेले… इतकं उजवीकडे, इतकं पुढे, आता कोरणारा बिट खाली, आता वर. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. थरथरणारं बोट मांडीवर तसंतसं फिरत होतं. "हे तर हाताले सांगितल्यासारखंच आहे," ते म्हणाले, आणि बोर्डाचा प्रश्न मिटला.

ड्रायव्हरच्या बाबतीत मात्र मी त्यांचं ऐकलं नाही. ड्रायव्हर म्हणजे मोटरला बेताबेताने वीज देणारा भाग. बोर्डावरच बसणारे चिमुकले ड्रायव्हर त्यांना पसंत होते, दिसायला नेटके म्हणून. पण मे महिन्यात वरच्या खोलीत कूलर लावता येत नव्हता, ओलसर हवेने लाकूड फुगतं. मोठे बाबा डोक्याला ओला दुपट्टा बांधून बसायचे, पण ते चिमुकले ड्रायव्हर तापून मधेच थांबायचे आणि अक्षराचा खालचा भाग वरच्यापासून बाजूला सरकायचा. मी पत्र्याच्या खोक्यातले मोठे, वेगळे ड्रायव्हर लावले. ते दिसायला ओबडधोबड होते, पण पुढचा उन्हाळा त्यांनी न थांबता काढला. घरी कोणी आलं की मोठे बाबा आधी ती खोकी दाखवायचे. "हे रुचानं निवडले." मग मी काहीतरी निमित्त काढून खाली जायची.

खरा वाद झाला तो सॉफ्टवेअरवरून. त्यांच्या जुन्या तक्त्यांवरची आणि गल्लीतल्या पाट्यांवरची अक्षरं मी फोटो काढून लॅपटॉपवर आणली होती. पहिल्या प्रयत्नात मशीनने अक्षराच्या फक्त कडा कापल्या. "हे कुंपण झालं," ते म्हणाले. "अक्षर कुठं आहे?" मग मी एक देखणं सॉफ्टवेअर शोधलं. त्यात निमुळता बिट अक्षर जिथे जाड तिथे खोल जायचा आणि बारीक तिथे वर यायचा, त्यांची पटाशी जायची तसा. मी खूश होते. मशीन सुरू झालं, आणि काही क्षणांत त्यांनी उठून बटण बंद केलं.

"काय झालं?"

"रेघ आधी काहून मारून राहिलं हे?"

वेळ वाचावा म्हणून ते सॉफ्टवेअर क्रम स्वतःच ठरवत होतं. आधी शिरोरेषा, मग अक्षरं जवळ पडतील तशी. मी म्हटलं, शेवटी दिसणार तर सारखंच. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू लिहिते तेव्हा कशी लिहिते?"

मी आधी रेघ ओढते आणि तिच्याखाली अक्षरं लावते. दुरेघी वहीत मराठी शिकलेल्या आम्हा सगळ्यांची हीच रीत होती. मी तसं सांगितलं तर ते इतके हसले की खोकला लागला. "म्हणजे दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखं." मग त्यांनी मला भिंग दिलं आणि नुकतं कापलेलं लाकूड दाखवलं. रेघेची खाच आधी पडली असेल, तर खालून वर येणारा काना तिथे पोहोचताना लाकडाचा तुकडा उडवतो. अक्षर आधी भरीव लाकडात उतरलं, की मग वरून जाणारी रेघ सगळ्यांची डोकी साफ करून जाते. "अन् दुसरं म्हणजे, अक्षरं झाल्याबिगर रेघ केवढी ते कसं समजन?" मी तो देखणा प्रोग्राम काढून टाकला आणि ज्यात प्रत्येक भागाचा क्रम हाताने लावता येतो असा एक साधा, किचकट प्रोग्राम घेतला. त्यात काम सावकाश व्हायचं. आम्हाला त्याची अडचण नव्हती.

मग एकेक अक्षर जमा होत गेलं. ते हात मांड्यांखाली दाबून बसायचे आणि पडद्याकडे बघून सांगायचे, क चं पोट उतरलं आहे, श ला मान नाही. मी दुरुस्त करायची. अधूनमधून विचारायचे, "हे तुले एकटीले जमते का आता?" त्यांना माझ्यावर भरवसा नाही असं वाटून मी पुढचं अक्षर उघडायची… ते कशाची तयारी करत होते, ते मला तेव्हा कळलं नाही.

सगळी अक्षरं झाली, ळ तेवढा राहिला. जुन्या पाट्यांवरचा आपला ळ त्यांना कधीच पसंत नव्हता. तो घ्यायचा नाही, नवीन काढीन, म्हणायचे. चांगल्या दिवशी बोरू घेऊन बसायचे, दोन वाटोळ्यांपैकी एक जमायचं, दुसरं भरकटायचं. मी जुनाच घेऊ म्हटलं की थट्टेवर न्यायचे. "आपल्याकडं कोण ळ बोलते वं? काळा नाही, काया. डोळा नाही, डोया. घाई काय त्याची." दारात उभी असलेली मोठी आई यावर कधी हसली नाही.

मोठ्या बाबांचे दिवस झाल्यावर मी वरच्या खोलीत मशीनवर कापड टाकायला गेले, तर मोठी आई मागून वर आली. म्हणाली, दारावर पाटी लावून दे, कुरियरवाले येऊन विचारतात कोणाचं घर. मी विचारलं, मोठ्या बाबांचं नाव घालू का? "त्यायचं काहून? ते थोडीच दार उघडाले येणार आहेत. माह्यं घाल."

तिचं नाव मंजुळा.

मी घरी जाऊन मोठ्या बाबांच्या बोरूने ळ काढत बसले. मला तो येत नव्हता. बरेच कागद गेल्यावर एक असा आला की त्याची दोन्ही वाटोळी निदान एकमेकींना ओळखत होती. तोच घेतला. रविवारी मशीन लावलं. आधी अक्षरं, मग रेघ, आणि रेघेवरचं टिंब सगळ्यात शेवटी. मोठी आई त्यांच्या खुर्चीवर बसून पाहत होती. मशीन थांबल्यावर तिने फळी मांडीवर घेतली आणि नावावरून बोट फिरवलं. ळ पाशी बोट थांबलं.

"हे तुह्यं आहे का वं?"

"हो. नीट नाही आला. पुन्हा करू का?"

"काहून? त्यायले तरी कुठं आला." ती बोट न काढता बोलत होती. "लग्न झाल्यापासून म्हणत होते, तुह्या नावाची पाटी करतो, फक्त ळ जमू दे… साऱ्या गल्लीच्या पाट्या झाल्या."

तिने पदराने खाचांमधला भुसा पुसला, ळ च्या दोन्ही वाटोळ्यांतला जरा जास्त वेळ पुसला, आणि मला खाली दारापाशी स्टूल ठेवायला सांगितलं.