प्रेमदासजींची पोहण्याची परीक्षा

समुद्रपूरच्या रस्त्यांवर तीस वर्षं एसटीची कंडक्टरी करून प्रेमदासजी निवृत्त झाले आणि सिंदी मेघेतल्या आपल्याच सोसायटीच्या स्विमिंग पूलवर देखरेखीला बसले. सेक्रेटरी प्रभाकररावांनी त्यांना निवडलं ते आवाजासाठी. "काठावर पळू नका! सरका, मांगं जागा हाय!" असं ते ओरडले की पाण्यातली माणसंही निमूटपणे मागं सरकत.

मार्चमध्ये तपासणी आली. तपासायला आलेल्या वर्षाली मॅडमनी कुंपण पाहिलं, पाण्यातलं क्लोरीन मोजलं, भिंतीवर टांगलेली, बुडणाऱ्याला फेकायची ट्यूब ओढून बघितली. सगळं ठीक. जाता जाता त्यांनी विचारलं, "तुम्हाला पोहता येतं ना?"

"नाई," प्रेमदासजी सरळ म्हणाले.

प्रभाकररावांनी कपाळाला हात लावला. महिन्याभरात शिका, नाहीतर पूल बंद, असा शेरा पडला.

प्रेमदासजींच्या बायकोचं, धुरपताबाईंचं माहेर रोहण्याचं. लहानपणी त्यांनी शेतातल्या विहिरीत उड्या मारलेल्या. नवऱ्याला शिकवायला त्या पदर खोचून पाण्याकडे निघाल्या, तर यांनीच शिट्टी फुंकली.

"लुगड्यात उतरता येत नाई. नियम हाय."

"मंग बुडा!" म्हणून त्या तरातरा घरी गेल्या, आणि मुलाची कबड्डीची ट्रॅकपँट अन् बनियन चढवून परत आल्या.

प्रेमदासजी पंधरा दिवस काठाचा लोखंडी दांडा सोडेनात.

"सोडा तो दांडा! हे का एसटी हाय?" धुरपताबाई ओरडत.

शेवटी दांडा सुटला. फेरतपासणीच्या दिवशी प्रेमदासजी सगळ्यांसमोर हातपाय मारत निम्म्या पुलापर्यंत पोचले. आनंदाच्या भरात प्रभाकरराव काठावरून पळू लागले. नियम मोडलेला दिसताच प्रेमदासजींनी पोहता पोहता गळ्यातली शिट्टी तोंडात धरली, पाण्यासकट जोरात श्वास ओढला आणि दिसेनासे झाले.

कोणी ट्यूब उचलायच्या आत धुरपताबाईंची उडी पडली. काखेत हात घालून त्यांनी नवऱ्याला काठावर आणलं.

"पाण्यात शिट्टी काऊन वाजवून राह्यले होते?"

"ते पळून राह्यले होते!" खोकत खोकत प्रेमदासजी म्हणाले.

वर्षाली मॅडमनी वही उघडली. "बाई, तुमचं पूर्ण नाव सांगा."

तेव्हापासून जीवरक्षक धुरपताबाई आहेत आणि प्रेमदासजी दारावर रजिस्टर सांभाळतात. आठवडाभर ते रुसले होते. मग गुपचूप पुन्हा शिकायला लागले. गेल्या रविवारी त्यांनी न थांबता पूल आडवा पार केला. धुरपताबाईंनी टाळ्या वाजवल्या. "आता तसेच वापस या!"

प्रेमदासजींनी पाण्याकडे पाहिलं, टॉवेल गुंडाळला आणि चालत परत आले.